ब्राउझरची स्थिर आवृत्ति कीं प्रायोगिक?

विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालचीं अनेक गांवें एकत्र करून ३ जुलै २००९ रोजीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या काळांत येथील सुशिक्षित कुटुंबाच्या नित्य व्यवहारांत मोठा पालट घडून आला आहे. महानगरपालिकेची घरपट्टी, महावितरणचें वीजबिल, वाडीचा सातबारा, लांबच्या प्रवासाचें रेल्वे तिकीट, बँकेंतील ठेव, आयकराचें विवरणपत्र, मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज, अशा ज्या कामांसाठीं पूर्वी घरांतील कर्त्या माणसास रजा काढून कोठल्या तरी खिडकीपुढें उभें राहावें लागे, तीं कामें आतां घरच्या संगणकावर उरकतां येतात. या साऱ्या खिडक्यांच्या ऐवजीं जी एकच खिडकी घरांत आली, तिचें नांव ब्राउझर.

परंतु ही खिडकी बसवून घेण्याची वेळ आली म्हणजे गृहस्थापुढें एक अनपेक्षित प्रश्न उभा राहतो. क्रोम, फायरफॉक्स, एज किंवा ब्रेव्ह यांपैकीं कोणताही ब्राउझर घ्यावयाचें ठरविलें, तरी त्या एकाच नांवाखालीं निर्मात्यानें तीन-चार प्रकार मांडून ठेवलेले आढळतात. एक नुसत्या नांवाचा. दुसऱ्यापुढें 'बीटा' हा शब्द. तिसऱ्यापुढें 'डेव्ह' किंवा 'डेव्हलपर'. आणि चौथ्यापुढें 'नाईटली' अथवा 'कॅनरी'. सर्व फुकट, आणि सर्व त्याच निर्मात्याचे. महाविद्यालयांत जाणारा मुलगा म्हणतो, सर्वांत नवा असेल तो घ्यावा; वडील म्हणतात, चालत आहे तो बदलूंच नये. दोघांच्याही म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे आणि कांहीं चूकही आहे. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाहीं. ज्या खिडकींतून बँकेचा पैसा जातो-येतो व मुलाच्या वर्षाचा निर्णय होतो, ती खिडकी कोणती असावी याचा हा प्रश्न आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

ब्राउझर हा एक संगणकीय कार्यक्रम. दूरच्या संगणकावरील पान मागवून घेणें, त्यांतील सांकेतिक मजकूर वाचून अक्षरें व चित्रें योग्य जागीं मांडणें, पानाबरोबर आलेले लहानसहान कार्यक्रम चालविणें, मालकाचे पासवर्ड व खुणा जपून ठेवणें, आणि परक्या पानाचा हात घरच्या कागदपत्रांपर्यंत पोहोंचूं न देणें, इतकीं कामें तो एकाच वेळीं करीत असतो. यासाठीं लिहिलेल्या आज्ञांच्या लक्षावधि ओळी त्यांत असतात. शिवाय ज्या पानांसाठीं तो निर्माण झाला, तीं पानेंही नित्य बदलत असतात. त्यामुळें पोथी एकदां लिहून झाली कीं झाली, तसें ब्राउझरचें होत नाहीं. तो पंचांगासारखा आहे. त्याला नवी आवृत्ति काढावीच लागते. आणि नवी आवृत्ति म्हटली कीं नव्या सोयींबरोबर नव्या चुकाही आल्या. या चुका केव्हां, कोठें व कोणाच्या संगणकावर उघडकीस याव्या, हेंच स्थिर व प्रायोगिक या भेदाचें मूळ होय.

वसई-विरारच्या रहिवाशास हा भेद समजण्यास रेल्वेचें उदाहरण पुरेसें आहे. मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल चेन्नईच्या कारखान्यांत तयार होऊन एप्रिल २०१६ मध्यें कुर्ल्याच्या कारशेडमध्यें दाखल झाली. परंतु प्रवाशांना तींत पाऊल ठेवतां आलें तें २५ डिसेंबर २०१७ रोजीं, पश्चिम रेल्वेवर. मधल्या वीस महिन्यांत गाडी नव्हती असें नाहीं. गाडी होती, ती धांवतही होती. पण ती चांचणीची गाडी होती, वेळापत्रकांतील नव्हे. ज्याला दहाच्या ठोक्याला चर्चगेटच्या कचेरींत हजर व्हावयाचें आहे, तो विरारहून वेळापत्रकांतलीच गाडी धरतो. पण चांचणीची गाडी कोणी चालविलीच नसती, तर वेळापत्रकांत नवी गाडी कधींच आली नसती. ब्राउझरची स्थिर आवृत्ति ही वेळापत्रकांतील गाडी, आणि प्रायोगिक आवृत्ति ही चांचणीची गाडी.

दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. रेल्वेच्या चांचणींत प्रवासी बसवीत नाहींत. ब्राउझरच्या चांचणींत प्रवासीच हवे असतात. जगांतील संगणक नाना तऱ्हांचे. कोणाचा दहा वर्षांपूर्वींचा, कोणाचा कालचा. कोणाच्या घरीं छपाईयंत्र जोडलेलें, कोणाच्या कचेरींत एकाच यंत्रावर पन्नास माणसें काम करणारीं. कोणी इंग्रजी वाचणारा, कोणी मराठी, कोणी अरबी. ही सारी विविधता निर्मात्याला आपल्या प्रयोगशाळेंत उभी करतां येत नाहीं. म्हणून जे स्वेच्छेनें पुढें येतील अशा लोकांच्या हातीं तो अपुरा माल देतो व त्यांच्या अनुभवावरून तो दुरुस्त करतो.

ही पद्धति फार जुनी नाहीं. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ति ९ नोव्हेंबर २००४ रोजीं प्रसिद्ध झाली, आणि पुढें कित्येक वर्षें नवी आवृत्ति तयार होईल तेव्हां ती काढावयाची, असा क्रम होता. सप्टेंबर २००८ मध्यें गूगलचा क्रोम आला. त्यानें २०१० सालीं दर सहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति काढण्याचें ठरविलें व त्याच वर्षीं 'कॅनरी' हा प्रकार सुरू केला. २०११ मध्यें फायरफॉक्सनेंही तोच मार्ग धरला. पुढें हें अंतर आणखी घटलें. फायरफॉक्सनें २०२० सालीं व क्रोमनें सप्टेंबर २०२१ मध्यें सहा आठवड्यांचे चार आठवडे केले. जानेवारी २०२० मध्यें मायक्रोसॉफ्टचा नवा एज आला, तोही कॅनरी, डेव्ह, बीटा व स्थिर अशा चार पायऱ्या घेऊनच. अॅपलनें आपल्या सफारीची प्रायोगिक आवृत्ति २०१६ सालापासून वेगळी देण्यास आरंभ केला.

या पायऱ्यांचा क्रम ध्यानांत घेतला कीं नांवांचा गोंधळ उरत नाहीं. अभियंत्यानें केलेला बदल प्रथम नाईटलींत किंवा कॅनरींत जातो. ही आवृत्ति बहुधा दररोज नव्यानें तयार होते. नाईटली म्हणजे रात्रींत तयार झालेली. येथें कांहीं आठवडे तो बदल टिकला तर बीटांत चढतो. बीटांत सहसा नवी सोय घालीत नाहींत. असलेल्या सोयींतील दोष काढीत राहतात. तेथेंही तो टिकला म्हणजे स्थिर आवृत्तींत येतो. आणि तेथेंसुद्धां तो एकदम सर्वांना न देतां प्रथम थोड्यांना व नंतर सर्वांना, असा हप्त्याहप्त्यानें दिला जातो. जो बदल एखाद्या पायरीवर अडखळतो तो मागें घेतात. कॅनरी या नांवाचा इतिहासही बोधप्रद आहे. कोळशाच्या खाणींत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून खाणकामगार कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत घालून बरोबर नेऊं लागले. पक्षी मलूल झाला कीं माणसांनीं बाहेर पडावें. इंग्लंडांत हा प्रघात १९८६ पर्यंत चालला. जो कॅनरी आवृत्ति वापरतो तो आपण होऊन त्या पक्ष्याची जागा पतकरतो, हें त्यानें विसरूं नये.

आतां प्रायोगिक आवृत्तींत प्रत्यक्ष बिघडतें काय? बहुतेक दिवस कांहींच बिघडत नाहीं, आणि हीच तिची फसवी बाजू आहे. आठवडाभर ती उत्तम चालते. मग एका सकाळीं नवी प्रत येते व बँकेच्या पानावरील 'पुढें जा' ही कळ दबेनाशी होते. अर्ध्यावर भरलेला प्रवेशअर्ज पान मिटल्यामुळें नाहींसा होतो. छापावयास दिलेल्या पावतींत मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन उमटतात. किंवा ब्राउझर उघडतो न उघडतो तोंच बंद पडतो. दुरुस्ती कदाचित् दुसऱ्याच दिवशीं येईल. परंतु अर्जाची मुदत त्याच सायंकाळीं संपत असेल, तर दुसऱ्या दिवशींच्या दुरुस्तीचा त्या विद्यार्थ्यास काय उपयोग? दोष किती मोठा आहे यापेक्षां तो कोणत्या वेळीं आला यावर नुकसान अवलंबून असतें. ज्या कामाला ठरलेली वेळ आहे व जें पुन्हां करतां येत नाहीं, त्या कामासाठीं प्रायोगिक आवृत्ति वर्ज्य समजावी.

दुसरी अडचण परतण्याची. ब्राउझर आपल्या मालकाचें एक दप्तर ठेवीत असतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. त्यांत खुणेचीं पानें, पासवर्ड, पूर्वीं भरलेले पत्ते, जोडलेलीं उपकरणें हें सर्व असतें. नवी आवृत्ति या दप्तराची मांडणी कधीं कधीं बदलते. एकदां ती बदलली म्हणजे जुन्या आवृत्तीला तें दप्तर नीट वाचतां येईलच असें नाहीं. यामुळें लोकांचें नुकसान होऊं नये म्हणून फायरफॉक्सनें मे २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र दप्तर दिलें, आणि नव्या आवृत्तींत वापरलेलें दप्तर जुनींत उघडूं लागल्यास अटकाव करण्याची व्यवस्था केली. तात्पर्य, स्थिरावरून प्रायोगिकाकडे जाणें सोपें आहे. त्याच दप्तरासह परत येणें तितकें सोपें नाहीं.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. प्रायोगिक आवृत्ति काढण्याचा हेतुच मुळीं दोष कळावे हा असल्यानें ती आपल्या वापराची व बिघाडाची अधिक माहिती निर्मात्याकडे पाठविते. यांत कपट नाहीं. तें उघडपणें सांगितलेलें असतें. तथापि घरच्या आर्थिक व्यवहाराचा संगणक व असली माहिती पाठविणारी खिडकी हीं एकत्र नसावींत, असें वाटणें स्वाभाविक आहे.

इतकें वाचून वडिलांचा पक्ष जिंकला असें कोणी समजूं नये. 'स्थिर' या शब्दाविषयींही दोन गैरसमज आहेत. पहिला असा कीं, स्थिर म्हणजे निर्दोष. तसें मुळींच नाहीं. मे २०१९ च्या आरंभीं फायरफॉक्सच्या स्थिर आवृत्तींतील जोड-उपकरणें जगभर एकाएकीं बंद पडलीं. कारण क्षुल्लक होतें. त्या उपकरणांच्या सचोटीची साक्ष देणाऱ्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती व तें वेळेवर नवें केलेलें नव्हतें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत क्रोमच्या स्थिर आवृत्तींत निर्मात्यानें दुरूनच एक प्रयोग सुरू केला, आणि एका सामायिक यंत्रावर अनेकांनीं काम करण्याची पद्धति असलेल्या कित्येक कचेऱ्यांतून पडदे पांढरे फटक पडले. शेवटीं तो प्रयोग मागें घ्यावा लागला. १३ जानेवारी २०२२ रोजीं फायरफॉक्स पुन्हां अडला. ब्राउझरमध्यें दडलेला जुना दोष दूरच्या सर्व्हरवरील एका बदलामुळें जागा झाला होता. यावरून बोध इतकाच घ्यावा कीं, स्थिर आवृत्तींत दोष येण्याचा संभव कमी, शून्य नव्हे. म्हणून महत्त्वाच्या कामासाठीं दुसऱ्या एखाद्या निर्मात्याचाही स्थिर ब्राउझर घरांत असूं द्यावा. एक अडला तर दुसरा हाताशीं असतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. स्थिर म्हणजे न बदलणारी, असें कित्येकांस वाटतें. आणि 'चालत आहे तें चालूं द्यावें' या न्यायानें ते नवी प्रत घेण्याची सूचना वर्षानुवर्षें बाजूस सारीत राहतात. वस्तुतः स्थिर आवृत्तीचें स्थैर्य वारंवारच्या दुरुस्तीवर टिकलेलें असतें. ब्राउझरच्या भिंतींत एखादें छिद्र सांपडलें कीं निर्माता तें बुजवून नवी प्रत काढतो. परंतु क्रोम ज्या पायावर उभा आहे, तो क्रोमियम किंवा फायरफॉक्स यांच्या आज्ञावली जगाला खुल्या आहेत. छिद्र कोठें बुजविलें हें पाहून, तें पूर्वीं कोठें होतें हें चोरालाही ताडतां येतें. मग ज्यांनीं नवी प्रत घेतली नाहीं त्यांच्या घरीं तो शिरूं पाहतो. दुरुस्ती तयार होणें व ती घरोघर पोहोंचणें यांमधील हें अंतर कमी व्हावें म्हणूनच क्रोमनें ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची दुरुस्ती दोन आठवड्यांऐवजीं दर आठवड्यास देण्यास प्रारंभ केला. तेव्हां वर्षभर न बदललेला ब्राउझर हा स्थिरही नव्हे व प्रायोगिकही नव्हे. त्याला बेवारस म्हणावें.

जुन्या संगणकांच्या घरीं हा धोका विशेष आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपविला. क्रोमची १०९ वी आवृत्ति ही त्या यंत्रणेवर चालणारी शेवटची; फेब्रुवारी २०२३ मधील ११० वी तिच्यावर चालत नाहीं. फायरफॉक्सची त्या यंत्रणेसाठीं शेवटची आवृत्ति जुलै २०२३ मधील ११५ वी. अशा संगणकावर गाणीं ऐकावींत, पत्रें टंकावींत. पण बँकेचें खातें उघडूं नये. येथें स्थिर कीं प्रायोगिक हा प्रश्नच शिल्लक राहत नाहीं; यंत्रणा बदलणें हाच उपाय.

शाळा, पतपेढ्या व कचेऱ्या यांच्यासाठीं एक तिसरा मार्गही आहे. त्यांना दर महिन्यास बदललेली मांडणी नको असते, पण सुरक्षेची दुरुस्ती मात्र हवी असते. अशांसाठीं फायरफॉक्सनें जानेवारी २०१२ मध्यें, दहाव्या आवृत्तीच्या वेळीं, दीर्घ आधाराची आवृत्ति सुरू केली. तिला संक्षेपानें 'ईएसआर' म्हणतात. ती सुमारें वर्षभर त्याच रूपांत राहते. तिच्यांत सोयी वाढत नाहींत, छिद्रें मात्र बुजविलीं जातात. हिचा लाभ एका प्रसंगानें स्पष्ट होईल. जावाचीं जुन्या पद्धतीचीं जोडयंत्रें वापरणारीं अनेक कार्यालयीन संकेतस्थळें होतीं. डिजिटल सहीसारखीं कामें त्यांवर चालत. क्रोमनें असलीं जोडयंत्रें सप्टेंबर २०१५ मध्यें व फायरफॉक्सनें मार्च २०१७ मधील ५२ व्या आवृत्तीपासून बंद केलीं. परंतु ५२ व्या आवृत्तीच्या ईएसआर प्रकारांत तीं २०१८ पर्यंत चालूं शकत होतीं. त्यामुळें कचेऱ्यांना आपलें काम न थांबवितां नवी व्यवस्था करण्यास वर्षाहून अधिक अवधि मिळाला. क्रोमनेंही संस्थांसाठीं २०२१ सालीं आठ आठवड्यांचा संथ प्रकार काढला. ज्या घरीं वृद्ध मंडळी एकटीं राहतात व खिडकीची कळ जागची हलली कीं गोंधळतात, तेथेंही ईएसआर बसवून देणें हितावह ठरतें.

मग प्रायोगिक आवृत्ति कोणी वापरूंच नये कीं काय? तसें झालें तर सर्वांचेंच नुकसान होईल. याचें एक सुंदर उदाहरण आहे. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपलें नांव व आवृत्तीचा क्रमांक कळवीत असतो. २००९ सालीं ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ति निघाली, तेव्हां कित्येक संकेतस्थळांनीं 'दहा' मधील पहिला आंकडाच वाचून ती पहिली आवृत्ति समजली व दार लावून घेतलें. शेवटीं ऑपेराला संकेतस्थळांपुढें आपला क्रमांक नऊच्या घरांतलाच सांगत राहावें लागलें. पुढें क्रोम व फायरफॉक्स हे शंभराच्या जवळ आले तेव्हां दोन आंकडी क्रमांकाचीच संवय असलेल्या स्थळांवर तोच प्रसंग येणार, हें उघड होतें. या वेळीं मात्र दोन्ही निर्मात्यांनीं प्रायोगिक आवृत्त्यांतून आधींच 'शंभर' हा क्रमांक सांगून पाहिला. जेथें अडलें तें स्वयंसेवकांनीं कळविलें, आणि स्थळचालकांना दुरुस्तीस वेळ मिळाला. मार्च २०२२ मध्यें क्रोमची व मे २०२२ मध्यें फायरफॉक्सची शंभरावी आवृत्ति निघाली, ती बहुतेकांना कळलीही नाहीं. चांचणी यशस्वी झाली याची खूण हीच.

मराठी वाचकाचा तर या कामाशीं आणखी जवळचा संबंध आहे. फायरफॉक्स व क्रोम हे दोन्ही मराठीच्या रूपांत मिळतात. 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' या शब्दांतील र बरोबर उमटणें. मराठीचा ल व श हिंदीच्या वळणाचा न दिसतां मराठीच्या वळणाचा दिसणें. लांब जोडाक्षर ओळीच्या टोकाशीं भलत्याच ठिकाणीं न तुटणें. सूचनांचें मराठी भाषांतर सुबोध असणें, या गोष्टी दूरदेशीच्या अभियंत्याच्या डोळ्यांस कशा दिसणार? अक्षर मोडलें तर तें मोडलें हें मराठी वाचणारालाच कळतें. नवें भाषांतर किंवा अक्षररचनेंतील बदल प्रथम प्रायोगिक आवृत्तींत येतो. तेथें कोणी मराठी वाचणारा असला तर चूक तेथेंच अडते. नसला तर ती स्थिर आवृत्तींत उतरून लाखों घरीं जाते. ज्या तरुणास वेळ आहे, जिज्ञासा आहे व चूक नीट शब्दांत मांडून कळविण्याची चिकाटी आहे, त्यानें हें काम अवश्य करावें. मात्र चूक न कळवितां केवळ मिरविण्यासाठीं प्रायोगिक आवृत्ति वापरणें म्हणजे कॅनरीच्या पिंजऱ्यांत बसून मुकें राहणें होय. त्यांत स्वतःला धोका आहे व दुसऱ्यास लाभ नाहीं.

वसईच्या वाडींत नवें वाण लावून पाहावयाचें असलें तर शहाणा बागाईतदार सारी वाडी मोडीत नाहीं. तो एका वाफ्यांत प्रयोग करतो. संगणकावरही तसेंच करावें. प्रायोगिक आवृत्ति स्थिर आवृत्तीच्या जागीं न बसवितां तिच्या शेजारीं बसवावी. बहुतेक निर्माते तशी सोय देतात व ओळखूं यावें म्हणून चिन्हाचा रंगही निराळा ठेवतात. तिला स्वतंत्र दप्तर द्यावें. स्थिर आवृत्तींतील पासवर्ड तींत आणूं नयेत व एकाच खात्यानें दोन्ही आवृत्त्या एकमेकींशीं जोडूं नयेत. खुणेच्या पानांची एक प्रत वेगळी काढून ठेवावी. ज्यांना नवेपणा हवा पण रोजची धांदल नको, त्यांनीं नाईटली किंवा कॅनरीच्या ऐवजीं बीटा घ्यावा. आणि घरांत एकच संगणक असून तो सर्वांचा असेल, तर घरांतील सर्वांना विचारूनच प्रयोग करावा.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. स्थिर ब्राउझरच्या आंतही प्रयोगांचें एक दालन असतें. तेथें अपुऱ्या सोयी कळ दाबून चालू करतां येतात. कोणीं सांगितलें म्हणून तेथील कळा दाबणें म्हणजे स्थिर आवृत्ति घरच्या घरीं प्रायोगिक करून घेणें होय. दुसरी गोष्ट अशी कीं, एखादें पान वाचतांना 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथें दाबा' असा फलक अचानक पुढें आला तर तो दाबूं नये. असे फलक पुष्कळदां चोरांनीं लावलेले असतात. खरी सूचना ब्राउझरच्या स्वतःच्या यादींत येते. त्या यादींतील 'विषयी' या सदरांत गेलें असतां आवृत्तीचा क्रमांक दिसतो व नवी प्रत आली असल्यास ती तेथेंच उतरूं लागते. ती उतरल्यावर ब्राउझर एकदां बंद करून पुन्हां उघडावा लागतो. दिवसचे दिवस तो उघडाच ठेवणाऱ्या घरीं दुरुस्ती येऊन दाराशीं थांबलेली असते. आणि नवा ब्राउझर घ्यावयाचा तो निर्मात्याच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्यावा.

सारांश, निवड करतांना नवें कीं जुनें असा प्रश्न विचारूं नये. आज जें काम करावयाचें आहे तें बिघडलें तर पुन्हां करतां येईल काय, हा प्रश्न विचारावा. येत नसेल तर स्थिर आवृत्ति, आणि तीही अद्ययावत् केलेली. वर्षभर एकच रूप हवें असेल तर दीर्घ आधाराची. येत असेल, आणि चूक आढळल्यास ती कळविण्याची तयारी असेल, तर प्रायोगिक; पण वेगळ्या वाफ्यांत. जो बाप केवळ भीतीनें नवी प्रत नाकारतो आणि जो मुलगा केवळ हौसेनें अपुरी प्रत घरच्या व्यवहारांत आणतो, ते दोघेही त्याच खिडकीची कडी सैल करीत असतात. घरपट्टीच्या शेवटच्या दिवशीं, प्रवेशअर्जाच्या शेवटच्या तासाला ती खिडकी उघडावी व काम होऊन ती बंद व्हावी, एवढीच गृहस्थाची अपेक्षा असते. आणि थोड्या विवेकानें ती पुरी होण्यासारखी आहे.